अष्टापदाची वाट काठमांडूवरून जाते

चोवीस तीर्थंकरांची निर्वाणस्थाने पाच आहेत. वीस तीर्थंकर सम्मेदशिखरावर, वासुपूज्य भगवान चंपापुरीला, नेमिनाथ भगवान गिरनारवर आणि महावीर भगवान पावापुरीला मोक्षास गेले. ही चारही स्थाने भारतात आहेत. रेल्वेचे तिकीट, धर्मशाळेतील खोली आणि घरातील माणसांची सवड एवढे जुळून आले की ती यात्रा घडते. पाचवे स्थान मात्र वेगळे आहे. प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापदावर झाले. अष्टापदाचे नेमके स्थान आज कोणालाही ठामपणे दाखवता येत नाही. परंपरेने ते कैलासाशी जोडलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक जैन कुटुंबांनी अष्टापदाचे दर्शन मंदिरातील पटावर आणि पूजेतील अर्घ्यातच घेतले, कारण कैलास सरहद्दीपलीकडे, तिबेटात आहे.

कैलासाकडे जाण्याचे मार्ग मोजकेच आहेत. भारत सरकारचे परराष्ट्र मंत्रालय उत्तराखंडातील लिपुलेख आणि सिक्कीममधील नथू ला या दोन खिंडींतून यात्रा नेते. २०२० पासून बंद पडलेली ही यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेखमार्गे पन्नास जणांच्या पाच आणि नथू लामार्गे पन्नास जणांच्या दहा तुकड्या ठरल्या, म्हणजे साऱ्या देशातून अवघे ७५० यात्रेकरू. वयाची मर्यादा सत्तर वर्षे. शिवाय दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि वाटेत पुन्हा एकदा होते. तीत जो अपात्र ठरतो, तो तेथूनच परततो. सोडतीत ज्यांचे नाव निघत नाही, किंवा ज्यांचे वय आणि वजन या नियमांत बसत नाही, ते खासगी आयोजकांबरोबर नेपाळमार्गे जातात. काठमांडूहून रसुवागढी-केरुंगचा मोटाररस्ता आहे. दुसरा मार्ग नेपाळगंजहून सिमिकोटपर्यंत विमानाने, तेथून हिल्सापर्यंत हेलिकॉप्टरने आणि पुढे तकलाकोटला जातो. म्हणून अष्टापदाला जावे की न जावे, हा प्रश्न बहुसंख्य कुटुंबांपुढे नेपाळला जावे की न जावे, अशा रूपात उभा राहतो.

आणि नेपाळ गेल्या वर्षी पेटला. २०२५ चे दशलक्षण पर्व ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला संपले. त्याच्या दोन दिवस आधी नेपाळ सरकारने सव्वीस समाजमाध्यमांवर बंदी घातली होती. ८ सप्टेंबरला शाळा-महाविद्यालयांतील तरुण काठमांडूच्या रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि एका दिवसात १९ जण मरण पावले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद भवन, सर्वोच्च न्यायालय आणि सिंहदरबार या इमारतींना आगी लावण्यात आल्या. मोठी हॉटेलेही त्यातून सुटली नाहीत. त्रिभुवन विमानतळ बंद झाला आणि तुरुंगांतून हजारो कैदी पळाले. परराष्ट्र मंत्रालयाने भारतीयांना नेपाळचा प्रवास पुढे ढकलण्याची आणि तेथे असलेल्यांना आहे तेथेच थांबण्याची सूचना केली. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार आले आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख ठरली. एकूण मृतांची संख्या सत्तरीच्या पुढे गेली.

ज्यांनी काठमांडू पाहिले आहे, त्यांना ही दृश्ये पटणे कठीण गेले. सुमारे चौदाशे मीटर उंचीवरचे, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले हे शहर मराठी माणसाला परके वाटत नाही. असनच्या बाजारात मसाल्यांची आणि तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. बागमतीच्या काठी पशुपतिनाथ आहे, बौद्धनाथाच्या विशाल स्तूपाभोवती संध्याकाळी दिवे लागतात. व्यापारात मारवाडी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. काठमांडू, वीरगंज आणि विराटनगर येथे त्यांत जैनही आहेत. कमलपोखरी भागात जैन मंदिर आहे. तेरापंथाचे आचार्य महाश्रमण २०१५ मध्ये अहिंसा यात्रेसह नेपाळात होते. २५ एप्रिलचा विनाशकारी भूकंप झाला तेव्हाही ते तेथेच होते आणि त्या वर्षीचा त्यांचा चातुर्मास विराटनगरला झाला. भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून बदललेला नाही. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा केवळ पंधरा मिनिटे पुढे आहे. जाण्यासाठी व्हिसा लागत नाही.

ही जवळीक खरी असली, तरी नेपाळची अस्थिरताही नवी नाही. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे तेथे माओवाद्यांचे सशस्त्र युद्ध चालले. १ जून २००१ रोजी राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि राजकुटुंबातील अनेकांची हत्या झाली. २००८ मध्ये राजेशाही संपली आणि त्यानंतर एकाही सरकारने पाच वर्षे पूर्ण केली नाहीत. २०१५ मध्ये नवी राज्यघटना आली आणि लगेच सीमेवरची नाकेबंदी सुरू झाली. गॅस आणि पेट्रोलसाठी नेपाळी जनता महिनोन्‌महिने रांगेत उभी राहिली. या सगळ्या काळात यात्रेकरू जातच होते आणि बहुतेक सुखरूप परतत होते. म्हणून सरकार पडले या एका बातमीवरून जाणे रद्द करायचे ठरवले, तर गेल्या तीस वर्षांत नेपाळला जाण्याजोगे वर्ष क्वचितच सापडले असते.

त्याच वेळी असेही दिसते की कैलासाची यात्रा काठमांडूतील आंदोलनांपेक्षा अन्य कारणांनीच अधिक वेळा अडली आहे. २००८ मध्ये तिबेटात अशांतता उसळली, तेव्हा चीनने परदेशी प्रवाशांना दार बंद केले. २०१७ मध्ये डोकलामच्या पेचप्रसंगात नथू लाचा मार्ग थांबला. २०१८ च्या जुलैमध्ये खराब हवामानामुळे सिमिकोट आणि हिल्साला हजाराहून अधिक भारतीय यात्रेकरू अडकून पडले. २०२० पासून पाच वर्षे यात्रा पूर्ण बंद राहिली. आणि ८ जुलै २०२५ रोजी, म्हणजे काठमांडूतील उद्रेकाच्या दोनच महिने आधी, रसुवागढीचा सरहद्दीवरचा मैत्री पूल पुरात वाहून गेला. वृत्तवाहिनीवर जळणारी इमारत दिसते; वाहून गेलेला पूल एक दिवस दिसतो आणि विसरला जातो. यात्रेकरूच्या वाटेत मात्र दोन्ही सारख्याच आडव्या येतात.

सांगलीतील एका हळद-व्यापारी कुटुंबात या जानेवारीत हाच प्रश्न पुढे आला. आयोजकाने मे महिन्यातील तुकडीसाठी नावे मागितली होती आणि महिनाअखेरीपर्यंत आगाऊ रक्कम भरायची होती. घरातील आईंचे वय सहासष्ट. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी २०१९ मध्ये कैलासाला जायचे ठरवले होते. त्या वर्षी पेढीवर मोठा माल आला म्हणून 'पुढच्या वर्षी जाऊ' असे ठरले आणि २०२० साठी नावे नोंदवली गेली. ती यात्रा निघालीच नाही. भरलेल्या रकमेपैकी निम्मीच परत मिळाली, तीही वर्षभराच्या पत्रव्यवहारानंतर. २०२२ मध्ये यजमान गेले.

त्या व्यवहारात पैसे भरणारे धाकटे काका आता बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचे मत स्पष्ट होते. "त्या वेळी पैसे अडकले, या वेळी माणसे अडकतील," असे ते म्हणाले. वीस वर्षांच्या नातवाने फोनवर काठमांडूची ताजी चित्रे दाखवली. बाजार उघडे होते, विमाने वेळेवर उतरत होती. काकांनी चित्रे पाहिली आणि विचारले, "सात सप्टेंबरला काढलेली चित्रे कशी होती?" त्यावर नातवाकडे उत्तर नव्हते. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, थांबण्याचाही एक हिशोब असतो. तो आपण एकदा चुकता केला आहे."

थोरल्या मुलाने मग बाजू घेण्याचे टाळून वही उघडली. पेढीवर नव्या गावच्या व्यापाऱ्याला उधारीवर माल पाठवण्यापूर्वी जे प्रश्न विचारले जातात, तेच त्याने येथे विचारले. माल बुडाला तर किती बुडेल? तो सोसता येईल का? आणि वसुलीचा मार्ग कोणता?

पहिला प्रश्न पैशाचा होता आणि तोच सर्वांत सोपा ठरला. आयोजकाच्या छापील अटींत सरकारी आदेश, आंदोलन किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे यात्रा रद्द झाल्यास परताव्याविषयी काय लिहिले आहे, ते त्याने शब्दशः वाचले. परतावा रोख मिळणार की पुढील वर्षीच्या यात्रेत वळता होणार, यात मोठा फरक आहे. प्रवासविम्याची पुस्तिकाही त्याने वाचली. युद्ध आणि नागरी दंगली यांमुळे होणारे नुकसान अनेक विमा योजनांतून वगळलेले असते. विमा घेण्यापूर्वीच जाहीर झालेल्या संकटाची भरपाईही सहसा मिळत नाही. ठरावीक उंचीच्या वरचा प्रवास आणि हेलिकॉप्टरने रुग्णाला खाली आणण्याचा खर्च योजनेत आहे की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे लागते. विदेशी यात्रेच्या रकमेवर कापला जाणारा टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढी रक्कम गुंतून राहते. हे सारे धरून, पूर्ण बुडाली तरी घराला झळ लागणार नाही अशी एक रक्कम ठरली. त्याहून एक रुपयाही निवडणुकीचा निकाल लागण्यापूर्वी भरायचा नाही, असे मुलाने लिहिले.

दुसरा प्रश्न परतीचा होता. काठमांडूत असताना गडबड झाली, तर भारतीय माणसाजवळ एक सोय आहे जी अन्य देशांच्या प्रवाशांजवळ नाही. दोन्ही देशांतील सतराशे किलोमीटरहून लांब सीमा खुली आहे. विमानतळ बंद असला तरी संचारबंदी उठताच रक्सौल किंवा सुनौलीला मोटारीने पोहोचता येते. तिबेटात गेल्यावर मात्र ही सोय संपते. खासगी यात्रेकरूंना चीनचा सामूहिक व्हिसा मिळतो; एका कागदावर साऱ्या तुकडीची नावे असतात आणि तुकडीने एकत्र आत जाऊन एकत्रच बाहेर पडायचे असते. एकाची प्रकृती बिघडून त्याला आधी परतावे लागले, तर वेगळे सोपस्कार करावे लागतात. म्हणून आईंबरोबर कोण असेल आणि त्या मागे फिरल्यास त्यांच्यासोबत कोण फिरेल, हे निघण्यापूर्वीच ठरणे आवश्यक होते. थोरल्या मुलाने आणि सुनेने जायचे, नातवाने पेढी सांभाळायची आणि आई ज्या क्षणी परत म्हणतील त्या क्षणी मुलानेही परतायचे, असे ठरले. परिक्रमा पुरी करण्याचा मोह त्याने धरायचा नाही.

तिसरा प्रश्न उंचीचा होता आणि कुटुंबाच्या डॉक्टरांच्या मते तोच सर्वांत गंभीर होता. मानसरोवर ४,५९० मीटरवर आहे. परिक्रमेतील डोलमा खिंड ५,६०० मीटरच्याही वर आहे. सरोवराकाठी प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायू सांगलीच्या मानाने निम्म्याहून थोडाच अधिक असतो. राजकीय उलथापालथीने यात्रा हुकते. उंचीच्या आजाराकडे दुर्लक्ष झाले तर माणूस दगावतो. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्या आईंना पाणी पुरेसे जाईल का, ही सुनेची चिंता होती. तिचे उत्तर घड्याळात मिळाले. साऱ्या तिबेटात बीजिंगची वेळ चालते आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे उन्हाळ्यात कैलासाजवळ सूर्य घड्याळाप्रमाणे रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी आठला उकळलेले पाणी आणि गरम खिचडी घेऊनही नियम पाळता येतो.

चौथी गोष्ट त्या वहीत नव्हती. ती काकांनीच काढली. २०२६ हे तिबेटी पंचांगातील अश्ववर्ष आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या या वर्षी कैलासाच्या परिक्रमेचे पुण्य विशेष मानले जाते आणि तिबेटी यात्रेकरूंची गर्दी लोटते. गर्दी वाढली की चिनी अधिकाऱ्यांची बंधने कडक होऊ शकतात. परवाना हाती येईपर्यंत काहीच निश्चित समजू नये, हे काकांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले.

अस्थिर मुलुखात जावे का, हा प्रश्न जैन परंपरेला अपरिचित नाही. श्वेतांबर आगमांतील आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधूंच्या विहाराचे नियम आहेत. जेथे राजा नाही, जेथे सत्ता दुभंगलेली आहे किंवा दोन राज्यांत वैर आहे, अशा प्रदेशातून दुसरी वाट उपलब्ध असताना जाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. त्याचे कारणही व्यवहारी आहे: तेथील लोक साधूला चोर किंवा हेर समजून त्रास देतील. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' मोजला आहे. राज्याचे नियम मोडून सरहद्दीपार व्यवहार करणे व्यापाऱ्याला वर्ज्य आहे. यावरून दिसते की त्या काळीही व्यापारी आणि साधू अशांत सीमांजवळून जात होते, आणि आचार्यांनी सरसकट बंदी न घालता मर्यादा आखून दिल्या.

नेपाळचा उल्लेख तर याहूनही जवळचा आहे. मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडला, तेव्हा श्रुतकेवली भद्रबाहू कोठे होते, याविषयी दोन परंपरा दोन दिशा सांगतात. दिगंबर परंपरेनुसार ते संघासह दक्षिणेला श्रवणबेळगोळला आले. श्वेतांबर परंपरेनुसार ते नेपाळात महाप्राण ध्यान करीत होते. हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वातील कथेप्रमाणे संघाने पूर्वांचे ज्ञान मिळवण्यासाठी पाचशे साधू त्यांच्याकडे पाठवले. त्यांपैकी एकटे स्थूलभद्र अखेरपर्यंत टिकले आणि बाकीचे परतले. परतलेल्यांना कथेने दोषी ठरवलेले नाही.

या कुटुंबात आईंनी अनेक वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले होते. श्रावकाने दहाही दिशांना आपल्या जाण्या-येण्याची सीमा आखून घ्यावी, असे हे व्रत. त्यांच्या जुन्या वहीत पूर्वेस सम्मेदशिखर, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस गिरनार अशा मर्यादा लिहिलेल्या आहेत आणि उत्तरेस कैलास. चर्चा संपत आली तेव्हा त्यांनी ती वही आणून थोरल्या मुलापुढे ठेवली. काकांनीही ती वाचली. त्यानंतर त्यांनी नकार दिला नाही. अटी घालायला मात्र त्यांनीच सुरुवात केली.

ठरले ते असे. आगाऊ रक्कम भरायची, पण अंतिम निर्णय गुढीपाडव्याला, १९ मार्चला घ्यायचा. तोवर निवडणूक होऊन दोन आठवडे लोटलेले असतील. परराष्ट्र मंत्रालयाची त्या दिवशीची सूचना, सरहद्दीवरच्या रस्त्याची स्थिती आणि आईंचा हृदयतपासणीचा अहवाल, या तिन्हींपैकी एकही प्रतिकूल असेल तर जायचे नाही. काठमांडूत मुक्काम दोन रात्रींचाच आणि विमानतळाजवळ. परिक्रमा करायची नाही. दारचेनहून कैलासाच्या दक्षिण मुखासमोर नेणारी, आयोजक ज्या जागेला अष्टापद म्हणतात तेथपर्यंतची वाट खुली असेल तर तेवढे दर्शन घ्यायचे, नाहीतर मानसरोवराच्या काठावरूनच अर्घ्य वाहायचे. आणि पाडव्याला नकार ठरला, तर जूनमध्ये बद्रीनाथला जायचे. तेथेही ऋषभदेवांच्या निर्वाणाचे स्मरण करणारे जैन स्थान आहे आणि त्यासाठी कोणतीही सरहद्द ओलांडावी लागत नाही.

मुलाने या अटींचे पत्र आयोजकाला पाठवले. आजारी यात्रेकरूसोबत एका नातेवाइकाला लगेच परत पाठवण्याची व्यवस्था करण्याचे आयोजकाने लेखी मान्य केले. पाडव्यापर्यंत उरलेली रक्कम न मागण्याचेही मान्य केले. यात्रा रद्द झाल्यास रोख परतावा देण्याचे मात्र मान्य झाले नाही. ती रक्कम पुढील वर्षी वळती होईल, असे उत्तर आले. काका म्हणाले, "म्हणजे पुन्हा 'पुढच्या वर्षी'." मुलाने ती रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिली आणि तिच्यापुढे येणे दाखवले नाही.

जानेवारीच्या अखेरीस तीन नावे गेली. आईंनी त्याच आठवड्यात रोज पहाटे गणपती मंदिरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत आणि परत चालायला सुरुवात केली. यात्रा कैलासाची होवो की बद्रीनाथची, पायांना सवय दोन्हीकडे लागणारच होती.